वाचकांचे प्रश्न : सहापदरी झाला तरी नाका तुंबतोच

प्रश्न : आमच्या दोन शहरांना जोडणारा राज्य महामार्ग चौपदरीचा सहापदरी झाला, तरी नाक्यावरची रांग काही हटत नाही. असं का?

रुंदी वाढते ती दोन नाक्यांच्या मधे, अडतं ते नाक्यावर. हिरवा दिवा लागला की एका लेनमधून तासाला साधारण 1900 गाड्या या गतीने वाहतूक सुटते, तीही सगळं सुरळीत असेल तर. पण 120 सेकंदांच्या चक्रात तुमच्या वाट्याला 30 सेकंद हिरवा येत असेल, तर त्या लेनमधून तासाला 475 गाड्याच निघणार. मागे कितीही लेन आणून जोडा, नाक्यावरचा हिरवा दिवा तेवढाच राहतो. शिवाय दर वेळी बाजू बदलताना सुमारे 4 सेकंद फुकट जातात. चार बाजूंना वेगवेगळा हिरवा दिला की एका चक्रात 16 सेकंद कुणाच्याच कामी येत नाहीत.

मूळ दुखणं आहे उजव्या वळणाचं. साध्या चौकात गाड्यांच्या वाटा 16 ठिकाणी एकमेकींना आडव्या छेदतात आणि त्यांतल्या 12 जागा केवळ उजवीकडे वळणाऱ्यांमुळे तयार होतात. चौकातलं उजवं वळण बंद करून गाडी सरळ पुढे न्यायची, दुभाजकातल्या वळणावरून मागे आणायची आणि मग डावीकडे वळवायची, म्हणजे सिग्नलचे चार टप्पे दोनवर येतात. मुख्य रस्त्याला 66 सेकंद हिरवा देता आला तर त्याच लेनमधून 1045 गाड्या जातील, आणि त्यासाठी एक फूटही रुंदी वाढवावी लागणार नाही. डेट्रॉइट महानगरातल्या एम-102, म्हणजे ‘एट माइल रोड’ या राज्य महामार्गावर 1960च्या दशकातच ही पद्धत आली. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून बंद झालं ते डावं वळण.

मात्र वळणाची जागा चुकली की सगळं फसतं. चौकापासून साधारण 200 मीटर अंतर ठीक. फार जवळ ठेवली तर सिग्नलची रांगच तिचं तोंड बुजवते. फार लांब गेली की दुचाकीवाले विरुद्ध दिशेने घुसतात, आणि तो दोष आखणीचा समजावा. दुभाजक अरुंद असेल तर लांब ट्रक एका दमात वळत नाही. अशा वेळी समोरच्या कडेला डांबरी पोट काढून जागा द्यावी लागते.

प्रश्न : बाकी रस्ता गुळगुळीत, पण सिग्नलच्या आधीच चाकोऱ्या पडतात. दर वर्षी नवा थर टाकूनही परत तेच. डांबर निकृष्ट असेल का?

असेलही, पण आधी तपासा. रस्त्यावर आडवी 3 मीटरची सरळ पट्टी ठेवा. चाकोरी अरुंद असेल आणि तिच्या दोन्ही कडांना डांबर फुगून वर आलं असेल, तर वरचा थर सरकला आहे. खोलगट भाग रुंद असेल आणि कडा फुगलेल्या नसतील, तर खालची खडी किंवा माती खचली आहे. पहिल्या प्रकारात सरकलेला थर खरवडून काढायलाच हवा. त्यावरच नवा थर चढवला की तो खालच्या मऊ थरासकट पुन्हा सरकतो. तुमच्याकडे हेच होत असावं.

सिग्नलजवळच का, तर डांबर ओझ्याखाली हळूहळू वाहतं. धावता ट्रक एका जागी क्षणभरच भार देतो, थांबलेला मिनिटभर. त्यात ऊन, ब्रेकचा रेटा आणि इंजिनातून ठिबकणारं डिझेल. भाराचा ढोबळ नियम चौथ्या घाताचा : 8 टनांऐवजी 10 टनांचा एक्सल गेला की नुकसान सव्वापट नव्हे, जवळपास अडीचपट होतं. हा नियम अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 दरम्यान मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून काढला गेला. म्हणून रांग जिथवर उभी राहते तेवढा पट्टा आणि बसथांबे काँक्रीटचे किंवा सुधारित डांबराचे करावेत.

प्रश्न : रस्त्याच्या कडा तुटतात. साइडपट्टीवर भर टाकावी का?

टाका, पण डांबराच्या कडेपेक्षा उंच नको. उंच साइडपट्टी पाणी अडवते, ते कडेखालून खडीत मुरतं आणि पुढच्या जड चाकाखाली कड ढासळते. साइडपट्टीचा उतार रस्त्याच्या उतारापेक्षा थोडा जास्त ठेवा, मुरूम थराथराने दाबून घ्या आणि पाणी गटारात पडतंय की नाही ते पहिल्या मोठ्या पावसात उभं राहून पाहा.