कातरकाम : जाळी निखळते कोठे?

प्रश्न : गेल्या वर्षी वृंदावनहून कागदात कापलेली एक सांझी आणली. ती पाहून मोराची तशीच जाळी कापण्याचा बऱ्याचदा प्रयत्न केला. पण पिसाऱ्यापर्यंत आले की एखादा डोळा निखळतो, नाहीतर रंगीत कार्डशीट चिरत जाते. हातकागद घेतला तर फरक पडेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कागदाने फरक पडेल, पण डोळा निखळतो तो रेखाटनातल्या चुकीमुळे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. ब्रजभूमीतील सांझी हा मुळात रंग गाळण्याचा साचा आहे. पितृपक्षात तेथील मंदिरांमध्ये मातीच्या अष्टकोनी ओट्यावर हे साचे ठेवून त्यांतून कोरडे रंग गाळले जातात आणि राधाकृष्णाच्या लीलांची चित्रे उमटतात. एकेका रंगासाठी वेगळा साचा लागतो आणि प्रत्येक साचा उचलताना अखंड राहावा लागतो. त्यामुळे हे कारागीर आकार रेखाटतानाच तो कोठे धरून ठेवायचा, हे ठरवतात. आपण पिसाऱ्यातील डोळ्याभोवती पूर्ण वर्तुळ कापत असाल, तर आतला ठिपका कशाला धरून राहणार? ते वर्तुळ दोन चंद्रकोरींत कापावे आणि त्यांच्या टोकांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे, न कापलेल्या कागदाचे दोन दुवे ठेवावेत. हे दुवे पिसाच्या दांड्याच्या रेषेत आले, तर दांडा डोळ्यातून आरपार गेल्यासारखा दिसतो आणि त्यांचे ओझे नजरेला जाणवत नाही. आपल्याकडची सांझी उजेडासमोर धरून केवळ हे दुवे शोधत बसा. मोराची मान, वेल, गाईचे शिंग हे सारे एकमेकांना कसे बिलगून आहे, ते ध्यानात आले की या कलेतील खरे सौंदर्य हाती लागते, असे मला मनापासून वाटते.

कापताना मधली बारीक छिद्रे आधी घ्यावीत आणि मोठे तुकडे व बाहेरची कड शेवटी काढावी, कारण मोठा तुकडा निघाला की उरलेला कागद लुळा पडतो आणि त्यानंतरचा प्रत्येक काप त्याला ओढतो. आतल्या आकाराला दाभणाने भोक पाडून भरतकामाच्या लहान कात्रीचे टोक तेथून आत घालावे. वळणावर कात्री स्थिर ठेवून डाव्या हाताने कागद फिरवावा.

आता कागद. गिरणीच्या कागदाचा लगदा धावत्या जाळीवर पडत असल्याने त्यातील बहुतेक तंतू एकाच दिशेने लांबतात. वर्तमानपत्र एकदा उभे व एकदा आडवे फाडून पाहा : एका बाजूने ते सरळ चिरत जाते, दुसऱ्या बाजूने वेडेवाकडे फाटते. आपल्या कार्डशीटचे तेच होत असावे. हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो. चौकटीची चाळणी लगद्यात बुडवून वर घेताना हलवली जाते, त्यामुळे तंतू चहूकडून एकमेकांत गुंततात आणि बारीक दुवाही तग धरतो. मात्र जाड, खरबरीत हातकागद सांझीला घेऊ नये, त्याच्या कापलेल्या कडेला तंतू सुटतात. ८० ते १०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन), खळ दिलेला आणि घोटून गुळगुळीत केलेला कागद मागावा. महाराष्ट्राला या कागदाची जुनी ओळख आहे : जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही कागद्यांची, म्हणजे हातकागद बनवणाऱ्यांची, गावे होती, आणि पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागदाची संस्था सुरू झाली. शक्य असल्यास कागद स्वतः हाताळून, कोपरा दुमडून, मगच घ्यावा.

प्रश्न : कापलेली जाळी टिकवण्यासाठी लॅमिनेट करावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : करू नये. उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचे चिकटते आणि जाळीची उठून दिसणारी कड सपाट होते. आम्लरहित जाड कागदावर ती तीन-चार ठिकाणी गव्हाच्या खळीच्या थेंबाने टेकवावी, काच तिला टेकणार नाही अशी चौकट घ्यावी आणि ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावावी. मागे वर्तमानपत्र मात्र घालू नये. त्यातील लाकडाच्या लगद्यामुळे ते पिवळे पडते आणि त्याचा डाग जाळीवरही उतरतो.