माडीच्या जुन्या तक्तपोशीला रंग की पॉलिश?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आजोबांच्या वाड्यात माडीवर सागवानी फळ्यांची तक्तपोशी, म्हणजे लाकडी जमीन आहे. तिच्यावर तपकिरी ऑइलपेंटचे थरावर थर बसलेत, ते पापुद्रे धरून निघताहेत आणि फळ्यांत फटी पडल्यात. मिस्त्री म्हणतो, वरून दोन इंच काँक्रीट घालून टाइल्स बसवू. तुम्हाला मूळ लाकूड दिसायला हवंय आणि काम संक्रांतीच्या गड्ड्याआधी, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेआधी उरकायचंय.

मिस्त्रीला आधी हात जोडून नाही म्हणा. दोन इंच काँक्रीट म्हणजे चौरस फुटाला साधारण ११ किलो. दहा बाय बाराच्या खोलीत १३०० किलोच्या वर गेलं, टाइल्स वेगळ्या. त्या तुळया माणसं, पलंग आणि धान्याच्या कणग्या पेलायला घातलेल्या आहेत. शिवाय सिमेंटचं पाणी लाकडात मुरतं आणि पुढे वरून काही तपासायची सोयच उरत नाही.

रंगाचा विचार नंतर. पहिली पाहणी खालच्या खोलीतून, बॅटरी घेऊन. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक हीच दुखरी जागा. छताचं पाणी भिंतीतून उतरतं ते नेमकं तिथे मुरतं. जाड पेचकसाने टोचून बघा. निरोगी सागात टोक अडतं, कुजलेल्यात सहज शिरतं. वाळवी असेल तर मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून चढलेल्या दिसतील; किडा असेल तर भोकांखाली पिठासारखा भुसा पडलेला असेल. सागाचा गाभा किडीला सहसा दाद देत नाही, पण कडेचं पिवळट लाकूड ती आवडीने खाते, तेव्हा फळ्यांच्या कडा नीट बघा. टोक कुजलेलं निघालं तर रंग-पॉलिश बाजूला ठेवून आधी चांगला सुतार गाठा. चालताना नुसती कुरकुर होत असेल तर घाबरू नका, तो बहुतेक सैल खिळ्यांचा आवाज असतो. तिथे खिळे काढून स्क्रू मारा.

आता जुना रंग. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे, म्हणजे शिसं आहे असं धरूनच चाला. कोरड्या रंगावर सरळ मशिन फिरवू नका आणि ब्लोलॅम्पने जाळू तर मुळीच नका, तो धूर आणि ती धूळ दोन्ही वाईट. स्प्रेने पाणी मारत, ओलं ठेवत स्क्रेपरने खरवडा. चिवट थराला पेंट रिमूव्हर लावा, खिडक्या सताड उघड्या ठेवून. साधा रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क हवा. पोराबाळांना तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा. फटींतून सगळं खाली गळतं, म्हणून खालच्या खोलीत छताला प्लास्टिक ताणून लावा, नाहीतर स्वयंपाकघरात रंगाचा चुरा.

रंग निघाला की लाकूड चांगलं वाळू द्या. मग खिळ्यांची डोकी पंचने आत ठोका. एक जरी वर राहिलं तरी घासायच्या मशिनचा, म्हणजे बेल्ट सँडरचा पट्टा फाटतो. सँडरला आधी ६० नंबरचा खरखरीत पट्टा, मग ८०, शेवटी १२०. मशिन लाकडाच्या रेघांच्या दिशेनेच फिरवा आणि एका जागी थांबवू नका, खळगा पडतो. तो पॉलिशखाली उठून दिसतो आणि मग जात नाही.

फटींच्या बाबतीत घाई नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो तेव्हा लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. उन्हाळ्यात मोठी झालेली फट पुट्टीने गच्च भरली तर श्रावणात ती पुट्टी वर उसळून येते. बारीक फटी तशाच ठेवा. बोटभर रुंद असतील तिथे सागाची पट्टी तासून बसवा, पण डिंक एकाच फळीच्या कडेला लावा म्हणजे दुसरी मोकळी हलेल. बहुतेक सुतार दोन्हीकडे लावतात, समोर उभं राहून करून घ्या.

आता पॉलिश की रंग? फळ्या सगळ्या सागाच्या आणि धडक्या असतील तर पॉलिश. मध्ये मध्ये बाभळीच्या नाहीतर खोक्याच्या लाकडाची ठिगळं असतील तर सरळ रंग द्या, त्यात कमीपणा नाही. प्रायमर, मग इनॅमलचे पातळ हात, दोन हातांमध्ये दिवसभराची फुरसत. पॉलिशमध्ये मेलामाईन नको. फर्निचरला ते छान दिसतं, पण हलणाऱ्या फळ्यांवर तडकतं. चपडा लाखेवर पाणी सांडलं की पांढरे डाग. माझं मत बेलतेलाला, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाला. चमक कमी, पण पुढे एखादी जागा घासली गेली तर तेवढ्याच जागी पुन्हा हात देता येतो. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश जास्त टिकतं, पण खराब झालं की बहुधा सगळंच घासावं लागतं. पीयूच घेणार असाल तर साग तेलकट असल्यामुळे आधी थिनरने पुसून घ्या.

बेलतेल पातळ लावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसा, नाहीतर चिकट थर बसतो. पुसायला सोलापुरात टॉवेलचे तुकडे फुकट मिळतील, ते नकोत, धागे चिकटतात. जुनं धुवट धोतर उत्तम. आणि ह्या तेलकट चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका: तेल वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

गड्ड्यापर्यंत होईल का? दिवाळीनंतर लगेच हात घातला आणि तुळया धड निघाल्या तर आरामात. तेल पुरतं वाळेपर्यंत जड कपाट आत आणू नका, पाहुण्यांच्या गाद्या तेवढ्या घाला. तुळईची टोकं खराब निघाली तर मात्र यंदा पाहुण्यांची सोय खालीच करा.