क्रूझवर आठवडाभर धुण्याचं काय करायचं? सोबत नऊवारी नेसणाऱ्या सासूबाई आहेत

तुम्ही विचारलंय की नाशिकहून बार्सिलोना, तिथून ७ रात्रींची क्रूझ, आधी-नंतरचे धरून १२ दिवस; तुम्ही दोघं, दोन लहान मुलं आणि सासूबाई; तर कपडे किती न्यायचे आणि धुवायचे कुठे. दोन वर्षांपूर्वी मी जवळजवळ हीच सहल करून आले. मुलं मोठी होती, पण नऊवारी नेसणाऱ्या सासूबाई आमच्याही बरोबर होत्या, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एवढं बघा, तुमच्या जहाजावर प्रवाशांनी स्वतः वापरायची वॉशिंग मशीन आहेत का? प्रिन्सेस आणि कार्निव्हल या क्रूझ कंपन्यांच्या बऱ्याच जहाजांवर असतात. रॉयल कॅरिबियन आणि एमएससीवर नसतात. असतील तर माझं निम्मं उत्तर तुमच्या कामाचं नाही. जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवशी मात्र तिकडे फिरकू नका, नळावर हंडे लावावेत तशी रांग असते. बंदराच्या दिवशी लोक गावात उतरले की मशीन रिकामी.

आमच्या जहाजावर ती सोय नव्हती. खोलीच्या कपाटात धुण्याची पिशवी आणि एक छापील फॉर्म होता. दर नगावर. साध्या शर्टाचे रुपये करून बघितले आणि तो कागद मी गुपचूप परत ठेवला. मध्येच एक दिवस खोलीत चिठ्ठी आली, ठरलेल्या पैशात पिशवीत मावतील तेवढे कपडे धुऊन, घडी घालून मिळतील. ही योजना बऱ्याच जहाजांवर असते आणि मुलांच्या टीशर्ट-चड्ड्यांसाठी उत्तम आहे. त्या पिशवीतले कपडे सरसकट एकत्र धुतले जातात आणि गरम ड्रायरमध्ये फिरवले जातात, हे मी लक्षात घेतलं नाही. येवल्याला पैठणी घ्यायला गेले होते तेव्हा हौसेनं घेतलेला हातमागाचा कुर्ता त्यात टाकला. तो आता माझ्या भाचीला होतो. ती दहावीत आहे.

इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीनं खोलीत इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर, दोन्हीला बंदी असते. आमच्या ह्यांनी ऐकलं नाही, छोटी प्रवासी इस्त्री बॅगेत टाकलीच. बॅग एक्स-रेमधून गेली आणि खोलीवर आलीच नाही. रात्री नऊला हे खाली जाऊन शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले, इस्त्री जमा केली आणि बॅग घेऊन आले. सहल संपताना ती परत मिळाली. नटूनथटून जेवायला जायच्या रात्रीसाठी क्रेप किंवा शिफॉनची साडी न्या. पैठणी घरीच राहू द्या. बारीक सुरकुत्या असतील तर गरम पाण्यानं अंघोळ करताना साडी बाथरूममध्ये हँगरला टांगा, बऱ्याच जातात.

आता मुख्य गोष्ट. कपडे किती न्यायचे हा हिशेबच मी सोडून दिला. कपडा वाळायला किती वेळ लागतो ते बघायचं. रात्री धुतलेला कपडा सकाळी कोरडा मिळाला तर माणशी चार जोड १२ दिवसांना पुरतात. जीन्स, जाड सुती कुर्ते, टर्किशचे टॉवेल इथेच बाद. निघायच्या आधी घरी करून बघा. कपडा संध्याकाळी धुवा, बंद बाथरूममध्ये पंखा लावून टांगा आणि सकाळी हात लावा. पण ही परीक्षा एप्रिलमध्ये घेऊ नका, नाशिकच्या उन्हाळ्यात गोणपाटसुद्धा पास होईल. श्रावणात घ्या.

धुवायचं बेसिनमध्येच, रोजचं रोज, थोडं थोडं. साठवलं की संपलं. मी साध्या धुण्याच्या वडीचे सुरीनं आठ तुकडे करून नेले होते. सांडत नाही आणि विमानात हातातल्या सामानातही चालते. साबण मात्र बेतानं लावा. जहाजावरचं पाणी बहुधा समुद्राच्या पाण्यातले क्षार काढून केलेलं, मऊ असतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याच्या सवयीनं वडी घासलीत तर फेस निघता निघत नाही. पहिल्या रात्री मी एक परकर सहा वेळा आघळला.

पिळून झालं की कपडा खोलीतल्या जाड टॉवेलवर पसरायचा, दोन्हींची मिळून घट्ट वळकटी करायची आणि तिच्यावर गुडघा टेकून भार द्यायचा. एवढ्यानं वाळण्याचा निम्मा वेळ वाचतो. टॉवेल रोज बदलून मिळतात, तेव्हा संकोच नको. मग थोडा वेळ बाथरूममध्ये. तिथे बऱ्याचदा भिंतीतून ओढून काढायची दोरी असते. थेंब गळायचे थांबले की बाहेर, एसीच्या झोताजवळ. खोलीच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हूक छान चिकटतात. सहा हूक आणि नायलॉनची दोरी न्या, वलणी तयार. छतातल्या पाण्याच्या फवाऱ्याला मात्र हँगर अडकवायचा नाही. तो फुटला तर तुमच्याच नव्हे, शेजारच्या खोलीतही पाणी जाईल. बाल्कनीतही वाळत घालू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. वाऱ्यानं कपडा थेट समुद्रात जातो. बाल्कनीचं दार उघडं ठेवूनही उपयोग नाही. बाहेरची दमट हवा आत येते आणि बऱ्याच जहाजांत त्यामुळे एसीच बंद पडतो.

आता नऊवारी. आमच्या सासूबाईंचं बालपण पंचवटीतलं. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, धुणं आपटून वाढलेली बाई, तिनं आपलं लुगडं दुसऱ्याकडे धुवायला द्यायला साफ नकार दिला. आठ मीटर सुती कापड त्या एवढ्याशा बेसिनमध्ये! दुसऱ्या दिवशी खोलीत लुगड्याची भिंत झाली आणि आम्ही तिच्याखालून वाकून ये-जा करत होतो. सकाळी ते ओलंच. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोडगा काढला. सोबत दोन पातळ पॉलिस्टरची लुगडी होतीच, ती रोजच्याला काढली. सुती लुगडी फक्त खाली गावात उतरायच्या दिवशी, आणि ती न धुता तशीच घडी करून घरी. तुम्ही हे निघायच्या आधीच त्यांच्याशी बोलून घ्या. विषय सुनेनं काढण्यापेक्षा मुलानं काढलेला बरा, हे अनुभवानं सांगते.

शक्य असेल तर जहाजावर चढायच्या आदल्या दिवशी बार्सिलोनातच सगळं एकदम धुऊन घ्या. ‘लावांदेरिया’ अशी पाटी शोधायची. मशीनमध्ये नाणी टाका, मग ड्रायर, दीड-एक तासात पाच जणांचे कपडे कोरडे. शेजारी कॉफी पीत बसायचं. उतरल्यावर पुन्हा एकदा तसंच.

शेवटच्या रात्री मात्र काही धुऊ नका. त्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट सकाळी बंदरावर भेटतात. ओलं काही बॅगेत गेलं तर कुबट वास. आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे बाहेर काढून ठेवायला विसरू नका. आमच्या समोरच्या खोलीतले गृहस्थ सकाळी जहाजाच्या झग्यावर आणि बुटांवर नाश्त्याला आले होते.