देवकापसाच्या कळ्या का गळतात?

प्रश्न : काका, आमच्या परसात न्हाणीमागे देवकापसाची दोन झाडं आहेत. सासूबाईंनी लावलेली. घरच्या वाती त्याच कापसाच्या. यंदा पावसाळा सरल्यावर मिस्टरांनी न्हाणीच्या पाण्याचा पाट थेट आळ्यात सोडला. झाडं डोक्यावर गेली, पानं हिरवीगार, पण रोज सकाळी खाली कळ्यांचा सडा. बोंडं मोजून सात. मागच्या वर्षी पाणी घालायचं विसरायचो, तरी भरपूर कापूस मिळाला. खत कमी पडतंय का?
— एक भगिनी, दापोली तालुका

उत्तर : ताई, खत अजिबात घालू नका. आधी तो पाट वळवून माडाच्या आळ्यात सोडा.

माझी नोकरीची बरीच वर्षं यवतमाळकडे कपाशीच्या शेतात गेली. तिथे कळीला ‘पाते’ म्हणतात आणि पातेगळ हे शेतकऱ्याचं मोठं दुखणं. निम्म्याहून अधिक पाती-फुलं कपाशी एरवीही गाळते, ते नैसर्गिक आहे. पण मुळांशी सतत ओल राहिली की मुळांना हवा मिळत नाही; झाड पानं-फांद्या वाढवत बसतं आणि पाती टाकून देतं. तुमच्याकडे हेच झालंय. त्यात तुमचा खड्डा जांभ्यात खणलेला असणार. खाली कातळ घट्ट असेल तर रोजचं पाणी तिथेच साचतं.

मात्र पाणी एकदम तोडून, झाड सुकल्यावर घागरीवर घागरी ओतू नका. एका ऑक्टोबरात पावसाने तीन आठवडे ओढ दिली, तेव्हा ‘भरपूर पाणी द्या’ असं मीच एका शेतकऱ्याला सांगितलं. त्याने दिवसभर पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी ओल्या रानात बोंडांनी लगडलेली झाडं माना टाकून उभी होती. याला आकस्मिक मर म्हणतात. रोग नव्हे, ताणानंतर अचानक झालेल्या पाण्याचा धक्का. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून एक आड एक सरी, थोडं थोडं पाणी, एवढंच सांगत आलो.

काळी माती पाणी धरून ठेवते, आपली जांभी धरत नाही. म्हणून तिकडचे दिवस मोजून इकडे पाणी देता येत नाही. बुंध्यापासून हातभर लांब, वीतभर खोल उकरा आणि तिथली माती मुठीत दाबा. गोळा होऊन तळहात ओला झाला तर पाणी नको. गोळा झाला पण बोटाने दाबताच फुटला तर दोन दिवस थांबा. गोळाच होत नसेल तर संध्याकाळी एक-दोन घागरी, त्याही सावकाश. वर पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, पसरा. दुपारी पानं लोंबली म्हणून घाबरू नका, उन्हात ती लोंबतातच. सकाळी सातलाही लोंबलेली दिसली तर मात्र झाड खरंच तहानलंय.

पाती लागल्यापासून बोंडं भरेपर्यंत ओल बेताची राखा. बोंडं उकलू लागली की पाणी बंद.

आणखी एक : गळलेल्या पाच-सहा कळ्या उचलून बघा. बारीक भोक असेल तर ते अळीचं काम, त्याचा इलाज वेगळा. भोक सापडलं का, आणि उकरताना कातळ किती खाली लागला, हे दोन्ही कळवा.