पळायला लागताच नाडी का वाढते, थांबताच अंधारी का येते

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: ट्रेडमिलवर पाच-सहा पावलं पडतात न पडतात तोच नाडी ७२ वरून ९५ वर कशी जाते, आणि पट्टा एकदम बंद केला की डोळ्यांपुढे अंधारी का येते.

सुरुवातीच्या उसळीचं श्रेय लोक हमखास अ‍ॅड्रिनॅलिनला देतात. पण ते रक्तातून पोचेपर्यंत तुमची ती पावलं कधीच पडून गेलेली असतात. हृदयाचा ठेका धरणाऱ्या सायनस नोडवर कुठल्याही नसेचा (मज्जातंतूचा) ताबा नसेल, तर तरुण माणसात तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. बसल्याजागी ७२ दिसतात, कारण व्हेगस नस सतत ब्रेक दाबून असते. पाय हलवायचा हुकूम मेंदूतून सुटतो तेव्हाच त्याची वर्दी मेड्युलालाही, म्हणजे हृदयाचं नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या तळच्या भागालाही, जाते आणि हा ब्रेक सैल होतो. असर पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो. हृदयाला वेग देणाऱ्या सिंपथेटिक नसा मागाहून जोर धरतात; शंभराच्या पुढची चढण मुख्यतः त्यांची. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात. त्याची नाडी बसल्याजागीच ९०-१०० असते, व्यायामात ती रेंगाळत चढते आणि थांबल्यावरही लवकर उतरत नाही.

स्नायूही वर खबर देत असतात. १९३७ मध्ये आलम आणि स्मर्क या संशोधकांनी व्यायाम संपतानाच, रक्तदाब मोजताना बांधतात तसा पट्टा फुगवून त्या हातापायाचं रक्त अडवलं. स्नायू स्वस्थ पडला होता, तरी पट्टा सोडेपर्यंत रक्तदाब चढलेलाच राहिला. स्नायूत कोंडलेली रसायनं तिथल्या बारीक नसांना डिवचत राहतात, म्हणून. अशा वेळी नाडी मात्र उतरते, कारण व्हेगस परतलेली असते.

मानेतले रक्तदाब जोखणारे संवेदक व्यायामात बंद पडतात, हा समज चुकीचा. त्यांचं काम चालूच असतं, फक्त दाबाची पातळी वर सरकवून घेतलेली असते. सिंपथेटिक नसा आतडी आणि मूत्रपिंडाकडचं रक्त आवळतात. राबणाऱ्या स्नायूत मात्र तिथलीच रसायनं त्यांना जुमानत नाहीत. हृदय मिनिटाला ५ लिटरऐवजी २० लिटर ढकलतं आणि त्यातलं सुमारे ८० टक्के स्नायूंत जातं.

आता पट्टा खटकन बंद करा. पोटऱ्यांचा पंप थांबला, पायांतल्या रक्तवाहिन्या मात्र अजून सताड उघड्या, आणि व्हेगसने ब्रेक पुन्हा दाबलेला. रक्त पायात साठतं, दाब कोसळतो, अंधारी येते. लगेच गरम पाण्याने अंघोळ केलीत तर त्यात भरच पडते.

म्हणून वेग उतरवत शेवटची पाच मिनिटं ताशी ३-४ किलोमीटरने चाला. अंधारी आलीच तर उभं राहू नका. आडवं होऊन पाय उंच करा. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) घेत असाल तर नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, चालताना सलग वाक्य बोलता येतं का ते पाहा. थांबल्यावर नव्हे तर पळतानाच भोवळ आली, किंवा छातीत दुखलं, तर व्यायाम तिथेच थांबवा आणि हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुन्हा पट्ट्यावर चढू नका.