स्टिरॉइडची गोळी आणि हाडांची राखण

प्रश्न : माझे वय ५८ आहे. दीड वर्षापूर्वी मला आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे निदान झाले. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध चालू आहे आणि सोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आधी रोज १० मिलिग्रॅम घेत होते, आता ५ मिलिग्रॅम घेते. दिवाळीच्या साफसफाईत पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली. उसण भरली असेल असे समजून शेकले आणि काही आठवड्यांत दुखणे ओसरले. पुढे खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा एक मणका दबलेला दिसला. डॉक्टरांनी आता हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी लिहून दिली आहे. धाकटी बहीण म्हणते, हे सारे स्टिरॉइडमुळेच झाले, आजच्या आज ते बंद कर. मी काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, सर्वांत आधी कळकळीची विनंती की, प्रेडनिसोलोन स्वतःच्या मनाने बंद करू नका. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळू लागले की मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणे कमी करतात. दीड वर्षानंतर गोळी एकाएकी थांबवली, तर रक्तदाब उतरणे, उलट्या होणे, कमालीचा थकवा येणे असे त्रास होऊ शकतात आणि प्रसंगी ते जिवावरही बेतते. डोस कमी करायचा तो डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने, आणि सांध्यांची सूज आटोक्यात असताना.

तरीही आपल्या बहिणीचे म्हणणे निराधार नाही. हाड हे आयुष्यभर मोडून पुन्हा बांधले जाणारे जिवंत ऊतक आहे. काही पेशी जुने हाड खरवडून काढतात, तर काही पेशी त्या जागी नवे हाड भरतात. स्टिरॉइडमुळे भरणाऱ्या पेशींची संख्या आणि काम दोन्ही घटते, तर खरवडणाऱ्या पेशी सुरुवातीच्या काळात नेहमीपेक्षा जास्त दिवस टिकतात. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, लघवीवाटे ते जास्त जाते, आणि मांड्यांचे स्नायू अशक्त झाल्याने पडण्याची भीतीही वाढते. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि तिचा पहिला घाव मणके व बरगड्या यांच्या आतल्या जाळीदार हाडावर बसतो. म्हणूनच बादली उचलण्यासारख्या साध्या कामात मणका दबू शकतो. असे कित्येक मणके फारसे न दुखता दबतात आणि दुखले तरी ते उसणीच्या नावावर खपून जातात. आपल्याकडून झालेली ही चूक मी रोज पाहतो, तिचा दोष मनाला लावून घेऊ नका.

मात्र सारा दोष गोळीच्या माथी मारणेही बरोबर होणार नाही, कारण आमवाताची सूज स्वतःच हाड खाते आणि रजोनिवृत्तीनंतरचे वय त्यात भर घालते. १९४८ मध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिले, तेव्हा सांधे धरल्याने जखडलेली २९ वर्षांची ती स्त्री काही दिवसांत चालू लागली. त्या कामाला १९५० मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. पण शरीरात कॉर्टिसॉल फाजील झाले की हाडे ठिसूळ होतात, हे शल्यविशारद हार्वी कुशिंग यांच्या १९३२ मधील वर्णनातूनच दिसले होते. म्हणजे गुण आणि किंमत या दोन्ही गोष्टी वैद्यकाला पहिल्यापासून ठाऊक आहेत, आणि म्हणूनच स्टिरॉइडच्या पहिल्या चिठ्ठीवर हाडांच्या रक्षणाची तजवीज नसावी याची मला मनापासून खंत वाटते. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रोज २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या हाडांचा धोका तपासायला हवा. ‘पाचच मिलिग्रॅम आहे, काही होत नाही’ हे आश्वासन आपल्याला कोणी दिले असेल, तर ते चुकीचे होते.

आता उपचारांविषयी. आपला मणका आधीच दबलेला असल्यामुळे धोका मोठा आहे, तेव्हा हाडांचे औषध टाळू नका. घनता मोजण्यासाठी डेक्सा तपासणी करून घ्या, पण तिचा आकडा बरा आला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण स्टिरॉइड घेणाऱ्यांची हाडे घनतेच्या मानाने लवकर मोडतात. अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेला इजा होऊ शकते. तिच्या आधी दातांचे राहिलेले काम उरकून घेणे चांगले. तेरिपॅराटाइड या नवे हाड घडवणाऱ्या रोजच्या इंजेक्शनाबद्दलही आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा. स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांमध्ये या दोन औषधांची तुलना करणारा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८ महिन्यांत नवे मणके दबण्याचे प्रमाण तेरिपॅराटाइड घेणाऱ्यांत ०.६ टक्के, तर अ‍ॅलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांत ६.१ टक्के होते. तेरिपॅराटाइड महाग आहे आणि रोज टोचून घ्यावे लागते, पण आपल्यासारख्या रुग्णाला हा पर्याय निदान ऐकायला मिळायला हवा. हाडांची झीज रोखणारे, दर सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन कोणी सुचवले, तर एक ध्यानात ठेवा की ते मध्येच सोडले, तर एकामागून एक मणके दबू शकतात.

आहारातून आणि गरज पडल्यास गोळीतून मिळून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. दूध, दही, तीळ आणि राजगिऱ्याची भाजीही उपयोगी आहेत. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून घ्या. केवळ दूध वाढवून दबलेला मणका सावरत नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. चालत राहा, पण कमरेतून पुढे वाकण्याची आसने, म्हणजे पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कार, सध्या बंद ठेवा. दाराच्या चौकटीला टेकून उंचीची खूण करा. ती पुढे दोन सेंटिमीटरने कमी भरली, तर मणक्यांचा एक्स-रे पुन्हा काढावा लागेल. आणि पुढच्या भेटीत एवढे जरूर विचारा की, मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवून किंवा दुसरे औषध जोडून प्रेडनिसोलोन आणखी कमी करता येईल का.

प्रश्न : माझ्या २७ वर्षांच्या मुलीला ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) आहे आणि तीन वर्षे ती प्रेडनिसोलोन घेते. तिचे लग्न ठरत आहे. तिलाही हाडांचे औषध द्यावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तिच्या वयात निर्णय वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखी औषधे हाडांत वर्षानुवर्षे राहतात, त्यामुळे मातृत्वाचा विचार असलेल्या मुलीला ती सरसकट दिली जात नाहीत. पूर्वी हाड मोडले आहे का, डोस किती आणि किती काळ चालला, हे पाहून निर्णय होतो. तरुणांच्या डेक्सामध्ये टी-स्कोअरऐवजी (निरोगी तरुण प्रौढांशी तुलना) झेड-स्कोअर (समवयस्कांशी तुलना) पाहावा. ल्यूपसमध्ये ऊन वर्ज्य असते, त्यामुळे ड जीवनसत्त्वाची कमतरता अनेकदा आढळते. ते तपासून भरून काढा. गर्भधारणेच्या बऱ्याच आधी संधिवाततज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांची गाठ घालून द्या. बोलताना मुलीला सोबत बसवा, कारण शरीर तिचे आहे. आणखी एक गोष्ट. जांघेत किंवा खुब्यात दुखू लागले, तर त्याला ठिसूळपणा समजून सोडू नये. स्टिरॉइडमुळे खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो आणि ते एमआरआयमध्ये लवकर कळते.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून ते एका बिगरडॉक्टर माणसाकडून सांधेदुखीच्या पुड्या आणतात. पहिल्याच आठवड्यात आराम पडला, पण आता चेहरा सुजल्यासारखा गोल झाला आहे. – एक वाचक, लातूर

उत्तर : पुड्या सुरू करताच आराम, मग गोल चेहरा आणि वाढलेली भूक ही लक्षणे एकत्र असतील, तर त्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता मोठी आहे. अशा भेसळीचे रुग्ण मी दरवर्षी पाहतो. पुड्या तडकाफडकी बंद करू नका. शिल्लक पुड्या घेऊन वडिलांसोबत डॉक्टरांकडे जा. सकाळच्या कॉर्टिसॉलची रक्ततपासणी पाहून ते योग्य मात्रेचे प्रेडनिसोलोन देतील आणि मग ते हळूहळू उतरवतील. त्याच भेटीत मणक्यांचा एक्स-रे, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, आणि डॉक्टरांपासून पुड्यांची गोष्ट लपवू नका.