हाडातलं टायटॅनियम काढावं का?

प्रश्न : माझ्या आईच्या (वय 63) मांडीच्या हाडात दोन वर्षांपूर्वी टायटॅनियमचा रॉड घातला. हाड जुळलंय, ती चालते-फिरते. पण शेजारचे काका म्हणतात, त्यात ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम असतं, ते अंगात उतरतं. रॉड काढून घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काकांचं अर्धं बरोबर आहे. रॉडला वापरतात तो बहुधा मिश्रधातू : शंभर भागांत साधारण 90 टायटॅनियम, 6 ॲल्युमिनियम, 4 व्हॅनेडियम. तो मुळात 1950च्या दशकात अमेरिकेत विमानांसाठी तयार झाला. सुटं व्हॅनेडियम पेशींना अपायकारक, म्हणून पुढे स्वित्झर्लंडमध्ये त्याऐवजी 7 टक्के नायोबियम घालून नवा मिश्रधातू केला.

मी धातुशास्त्र शिकवायचो. माझ्या मनगटातही प्लेट होती; अंगठ्याच्या कंडरेला घासायला लागली म्हणून काढली. आता ती टेबलाच्या खणात असते. प्लेट सोनेरी, स्क्रू जांभळे. पण रंग लावलेला नाही हं! पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वीज देऊन जाड केला की उजेडात असे रंग दिसतात. एरवी हा पापुद्रा जेमतेम काही नॅनोमीटरचा, पण धातूला विरघळू देत नाही तो हाच. ओरखडा उठला तर लगेच पुन्हा धरतो. सतत घासलं तर मात्र काळी भुकटी सुटते, म्हणून कृत्रिम खुब्याचा फिरता गोळा टायटॅनियमचा करत नाहीत.

मला विषापेक्षा ताठरपणा जास्त खटकतो. हाडाचा 10 ते 30 गिगापास्कल (हे ताठरपणा मोजायचं एकक; आकडा मोठा, तितकी वस्तू कमी वाकते), या मिश्रधातूचा 110, स्टीलचा तर 200. भार धातूच उचलतो, मग हाड बसून खातं आणि विरळ होतं. जपानमध्ये नायोबियम, टँटलम, झिर्कोनियम मिसळून हा आकडा साठ-पासष्टपर्यंत उतरवलाय. व्हॅनेडियमही गेलं, ताठरपणाही. पण अति लवचीक रॉडही नको, मोडलेलं हाड हलत राहिलं तर जुळणार कसं?

आईला दुखत नसेल, एक्स-रे ठीक असेल, तर नुसत्या धास्तीपोटी रॉड काढायचा हट्ट धरू नका. सर्जनना मात्र जरूर विचारा. काढणं सोपं नसतं. माझ्या प्लेटमध्ये एका स्क्रूचं डोकं असं जाम झालं होतं, की ते ड्रिलने कोरून काढावं लागलं. तो स्क्रू काही मला मिळाला नाही.